वेगळा कप



आम्ही शाळेत फारसे गेलो नाही. हमालांचे अर्ज लिहिता लिहिता अक्षर वळणावर आले. म्हणून शाळांच्या या पाचगणीत बोलताना संकोच वाटतो.

तरुण डॉक्टर, वकील, शिक्षक आम्हांला विचारतात, "समतेसाठी आम्ही काय करावे?" आम्ही डॉ. बाबा आढावांचे नाव सांगतो. हमालाच्या पाठीला औषध देऊन या डॉक्टरांचे भागले असते. पण त्यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली. पुढे चळवळीच्या रेट्याने १९६९ साली माथाडी कायदा झाला, हमालाचे नाव नोंदवहीत चढले. १९७२ च्या दुष्काळात 'एक गाव, एक पाणवठा' म्हणत बाबा खेडोपाडी हिंडले. कोण कुठल्या विहिरीवर पाणी भरतो, हे त्यांनी आधी पाहिले, मग बोलले. २०२५ च्या डिसेंबरात ते गेले. पाणवठ्याचा प्रश्न मात्र गेला नाही.

आमच्याच युनियनच्या कचेरीत झाडणाऱ्या बाईंचा कप वेगळा, खिडकीत ठेवलेला असे. समतेची भाषणे करीत आम्ही त्याच खिडकीखाली बसत होतो. तो कप दिसायला आम्हांला अकरा वर्षे लागली!

तेव्हा तरुण मित्रांनो, उद्या दवाखान्यात, शाळेत, घरात एवढेच पाहा: कप कोणाचा वेगळा आहे? हजेरीपटावर कोणाचे नाव नाही? घरचे रुसतील, मालक डोळे वटारील. तरी तेथूनच आरंभ करा.