जिवंत द्रवाची विष्यंदिता



पाण्यात बेसन कालवत गेलं की पळी फिरवायला जड जाते. या जडपणामागे असते विष्यंदिता, म्हणजे द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना होणारा आतला विरोध. घन कण मिसळल्यावर ती किती वाढते, याचं गणित आइन्स्टाइननं १९०६ मध्ये मांडलं आणि १९११ मध्ये दुरुस्त केलं. विरळ, गोल कणांनी एक टक्का जागा व्यापली, तर विष्यंदिता अडीच टक्क्यांनी वाढते. कण कशाचे, हे त्या गणिताला विचारावंच लागत नाही.

आता कणांच्या जागी पोहणारे जीवाणू घ्या. २००४ मध्ये यशोधन हातवळणे, श्रीराम रामस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न कागदावर सोडवला. त्यांनीही जीवाणूचा बहुतेक तपशील बाजूला ठेवला. पोहणारा जीव पाण्याला जितक्या जोरानं ढकलतो, तितकाच जोर पाणी त्याच्यावर लावतं. म्हणून दूरच्या पाण्याला जाणवते ती फक्त दोन विरुद्ध बळांची जोडी. इ. कोलाय या जीवाणूच्या कशाभिका, म्हणजे पोहण्याचे शेपटीसारखे धागे, मागे असतात, त्यामुळे त्याची जोडी पाणी पुढे आणि मागे, दोन्हीकडे बाहेर लोटते. क्लॅमिडोमोनास हे शैवाल पुढच्या दोन कशाभिकांनी हात मारतं आणि पाणी आत ओढतं.

थर सरकत असताना द्रव एका तिरक्या दिशेला ताणला जातो आणि लांबट जीव सरासरीनं त्याच दिशेकडे कलतात. बाहेर लोटणारे त्या ताणाला हातभार लावतात, म्हणून विष्यंदिता घटायला हवी. आत ओढणारे त्याला विरोध करतात, म्हणजे ती वाढायला हवी.

प्रयोग नंतर झाले. २००९ मध्ये अमेरिकेत बॅसिलस सबटिलिस या जीवाणूमुळे विष्यंदिता सातपटीपर्यंत घटल्याचं आढळलं. २०१० मध्ये फ्रान्समध्ये जिवंत क्लॅमिडोमोनासचं मिश्रण तितक्याच मेलेल्या पेशींच्या मिश्रणापेक्षा अधिक विष्यंदी निघालं. २०१५ मध्ये तिथेच इ. कोलायच्या दाट मिश्रणाची विष्यंदिता, प्रवाह अगदी मंद असताना, शून्यावर आली. यात ऊर्जेचा नियम कुठे मोडला नाही. आपण जे काम करायचं, ते जीवाणूंनी स्वतःच्या अन्नाच्या बळावर केलं.

अशा मिश्रणांसारख्या मृदू पदार्थांचा सिद्धान्तकार काय टाकून द्यायचं, हे आधी ठरवतो. इथे जनुकं, प्रथिनं, जीवाणूची जात, सगळं बाजूला पडलं. उरलं बाहेर लोटणं की आत ओढणं हे सांगणारं एक चिन्ह, अधिक किंवा उणे. आपल्या पेशींतल्या ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांना मायोसिन हे दुसरं प्रथिन आतल्या बाजूला ओढतं आणि ते जाळं ताठ होतं. हिशेब तोच आहे. मात्र पेशी हे चिन्ह कुठे, केव्हा आणि कशासाठी बदलते, हे विचारताना टाकून दिलेलं जीवशास्त्र पुन्हा आत घ्यावं लागतं. यापुढचं काम भौतिकशास्त्रज्ञाला एकट्यानं उरकता येणार नाही.