स्नेहसंमेलनाला कलापथक बोलावताना



स्नेहसंमेलन जवळ आले की गाणेबजावणे हवे की नको, आणि हवे तर कोणाचे, हा वाद आपल्यात ठरलेलाच. माझे म्हणणे एवढेच की, कर्णकर्कश ऑर्केस्ट्राऐवजी आपण एखादे लोककलापथक बोलवावे.

ही कला आपल्याला परकी नाही. ‘शाहीर’ आणि ‘डफ’ हे शब्दच मुळी अरबीतून मराठीत आले. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल पुढे शाहीर अमर शेख झाले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. परळ-लालबागच्या गिरणी कामगारांनी ते डोक्यावर घेतले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर मराठी माणसाने अमर शेखांना आपला शाहीर मानले. आपल्याच मुलांना हे नाव ठाऊक नसेल, तर दोष आपला आहे.

पथक ठरवताना कलावंत किती, कार्यक्रम किती वेळ, ध्वनिक्षेपक कोणाचा, हे आधी लिहून घ्यावे. गाण्यांची यादी शिक्षकांनी पाहावी. नमाजाच्या वेळा सांभाळाव्यात. उघड्या पटांगणात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला एरवी कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानात असावे.

शेवटचे सांगणे बिदागीचे. काही रक्कम विसार म्हणून आगाऊ द्यावी, उरलेली त्याच रात्री हातावर ठेवावी. घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी, ही आपल्या धर्माची शिकवण आहे. गाणाऱ्यालाही घाम येतो.

खुदा हाफिज. जय महाराष्ट्र!