डोंगराआडचा निरोप

डोळखांबच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. आम्हां हौशी रेडिओवाल्यांची दोन मीटरची लहर सरळ जाते, म्हणून डोंगराआड सहसा पोचत नाही. चाळीस मीटरची मात्र आकाशात चढते, वरच्या विद्युत्‌भारित थरातून वळते आणि पलीकडे उतरते. तिच्यावरच आमची सभा भरते. ज्याने त्याने आपले परवान्यावरचे संकेतनाम पुकारावे, दुसऱ्याने ते कसे ऐकू आले ते सांगावे. परक्याला हा रिकामटेकडा उद्योग वाटतो, वाटो बापडा! ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली, तेव्हा निरोप पोचवायला असेच हौशी धावले होते. कोणत्या वेळी कोणती लहर कुठवर जाते, हे या रोजच्या पुकाऱ्यातूनच कळते. रात्री चाळीस मीटरवर जवळचे ऐकू येईनासे होते. मग ऐंशीवर उतरावे लागते.