परदेशी नोकरी आणि इंग्रजीची परीक्षा

आम्ही निफाड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आमच्या गटात कर्जाचे अर्ज येतात ते शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, नाहीतर पोरांच्या शाळेसाठी. दोन वर्षांपूर्वी मात्र एका ताईंनी लेकीच्या इंग्रजीच्या परीक्षेसाठी पन्नास हजार मागितले. लेक बी.एस्सी. नर्सिंग झालेली, नाशिकला दवाखान्यात नोकरीला. तिला इंग्लंडला जायचं होतं.

आम्ही म्हटलं, पोरगी चार वर्षं इंग्रजीत शिकली, मग पुन्हा परीक्षा कशाला? पण द्राक्षाचंच बघा. माल कितीही गोड असला तरी रेसिड्यूचा रिपोर्ट आल्याशिवाय कंटेनर युरोपला जात नाही. तसंच आहे हे. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला रिपोर्ट लागतो. तो आयईएलटीएस नावाच्या परीक्षेचा चालतो, नाहीतर ओईटीचा. ओईटी ही खास दवाखान्यातल्या लोकांची परीक्षा. तिच्या लेखनाच्या पेपरात पेशंटची माहिती देतात आणि त्यावरून दुसऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र लिहायला लावतात. नर्सला ते सवयीचं काम, पण फी आयईएलटीएसच्या दीडपटीहून जास्त. आयईएलटीएसचीच अठरा हजारांच्या आसपास आहे. म्हणून आमच्या पोरीने तीच घेतली.

परीक्षेचे भाग चार: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. ऐकण्याची टेप एकदाच वाजते. लिहायला एक तास, त्यात दोन उत्तरं, एक दीडशे शब्दांचं आणि एक अडीचशेचं. बोलायची परीक्षा दहा-पंधरा मिनिटांची, समोरासमोर. गुण नऊपैकी. नर्सला ऐकणं, वाचणं, बोलणं यांत प्रत्येकी ७ लागतात आणि लेखनात साडेसहा.

पोरीला तिन्हींत ७ मिळाले, लेखनात ६. अर्ध्या गुणाने अडलं. बोलायला न घाबरणारी पोर लिहिताना अडली, कारण नर्सिंगच्या कॉलेजात पाठ करून उत्तरं लिहायची सवय. इथे पाठ केलेलं चालत नाही, आपलं मत मांडावं लागतं.

आणि त्याच आठवड्यात एक एजंट दारात आला. म्हणाला, दीड लाख द्या, परीक्षेला न बसता सात बँड आणून देतो. ताई रडत बैठकीला आल्या. खरं सांगायचं तर आमच्यातल्या दोघी-तिघी पैसे द्यायला तयारही होत्या. दोन तास वाद झाला. शेवटी आमच्यातल्या एकीने विचारलं, की हा निकाल तिकडचे लोक तपासत नाहीत का? चौकशी केली तर कळलं, प्रत्येक निकाल ऑनलाइन पडताळता येतो, आणि खोटा कागद पकडला गेला तर इंग्लंडचा व्हिसा दहा वर्षं बंद होऊ शकतो. दीड लाख वाचले, त्याहून पोरगी वाचली.

तिने तीन महिने रोज पहाटे एक उत्तर लिहिलं आणि पुन्हा परीक्षा दिली. लेखनात साडेसहा आले, पण ऐकण्यात घसरून तिथेही साडेसहा! घरात सुतकच. मग तिच्या मैत्रिणीने सांगितलं, की बारा महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण जोडून धरतात. फक्त कुठल्याही खेपेला पहिल्या तीन विषयांत साडेसहाच्या आणि लेखनात सहाच्या खाली जायचं नाही. ती बसली त्यात. क्लासवाल्याने हे कधी सांगितलं नव्हतं. त्याला तिसरी फी हवी असणार, दुसरं काय.

नर्सला व्हिसासाठी पुन्हा वेगळी परीक्षा नाही, कौन्सिलने मानलेली चालते. इतर कुशल कामांच्या व्हिसाला इंग्लंडने ८ जानेवारी २०२६ पासून पातळी बी १ वरून बी २ केली आहे, म्हणजे एक पायरी वर. नुसत्या परीक्षेने व्हिसा मिळत नाही, तिथल्या मान्यताप्राप्त मालकाची नोकरी आधी हवी. आणि ‘केअर वर्कर’ म्हणून नेतो असं कोणी सांगत असेल तर सावध राहा. बाहेरच्या देशातून नवीन माणसं घ्यायचा तो रस्ता इंग्लंडने २२ जुलै २०२५ ला बंद केला. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते आधी बघायचं. नोंदलेल्या एजंटला तीस हजार आणि वर जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

नावाचंही बघा. परीक्षेला पासपोर्ट लागतो. पासपोर्टवर सासरचं नाव आणि नर्सिंगच्या नोंदणीवर माहेरचं, असं आपल्याकडे घरोघरी असतं. ते आधी जुळवून घ्या. निकाल दोनच वर्षं चालतो. बाळंतपण, घरचं आजारपण, यात तो संपून जातो आणि फी पुन्हा भरावी लागते.

आता या महिन्यात दुसरा अर्ज आलाय, एका सुनेचा. तीही नर्स, मुलगा तीन वर्षांचा. आयईएलटीएससाठी चाळीस हजार हवेत म्हणाली. आम्ही विचारलं, देश कुठला? तर जर्मनी! २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, ते तिने ऐकलं होतं. पण तिथे नर्स म्हणून नोंदणीला साधारणपणे जर्मन भाषेची बी २ पातळी लागते, इंग्रजीचा तो निकाल तिथे उपयोगाचा नाही. पहिल्या अक्षरापासून सुरुवात, वर्षभर तरी अभ्यास, आणि मूल कडेवर. कुणी तिला इंग्रजीच्या क्लासचं गिऱ्हाईक करून ठेवलं होतं.

तिने अर्ज मागे घेतला नाही. कारणाच्या ओळीतलं इंग्रजी खोडून जर्मन लिहिलं, आणि रकमेची जागा मोकळी ठेवली. क्लासची फी एकदम द्यायची की तीन-तीन महिन्यांनी, आणि ती क्लासला गेली की मुलाला कोण बघणार, यावर शुक्रवारी बैठक आहे.