माझ्या नावाची रेघ

श्रोतेहो, मी कवी माणूस, गणिताशी शाळेतच बिनसलेला. तरी आज गणिताबद्दल बोलणार आहे, कारण त्याने माझी एक जुनी सल उकरली.

बी. ए.ला मी मराठी आणि उर्दू दोन्ही घेतले होते. वेळापत्रक लागलं तर दोन्ही पेपर एकाच दिवशी, एकाच वेळी! अर्ज घेऊन परीक्षा विभागात गेलो. तिथले साहेब म्हणाले, "ही जोडी घेणारे तुम्ही एकटेच. एकासाठी नवा दिवस कुठून आणू?" मी मराठीला बसलो, उर्दूला ऑक्टोबरमध्ये. अब्बांना मात्र मी नापास झालो असंच वाटत राहिलं.

गेल्या ईदला गणित शिकवणाऱ्या भाच्याला हे सांगितलं. शिरखुर्म्याची वाटी बाजूला सारून त्याने कागदावर ठिपके काढले. "मामू, एकेक ठिपका म्हणजे एकेक पेपर. ज्या दोन पेपरांना एक जरी विद्यार्थी बसणार असेल, त्यांच्यात रेघ. आता ठिपके रंगवा. रेघेने जोडलेल्या दोघांना एकच रंग चालणार नाही. जेवढे रंग, तेवढी परीक्षेची सत्रं."

रांगोळीच की! आणि या रांगोळीत हजार मुलांची रेघ जेवढी जाड, तेवढीच एका मुलाचीही.

वेल्श आणि पॉवेल या दोघांनी १९६७ साली यासाठी सोपी रीत मांडली. सर्वांत जास्त रेघांचा ठिपका आधी रंगवा. तोच रंग, त्याच्याशी आणि आपसांत न जोडलेल्या ठिपक्यांना द्या. मग दुसरा रंग घ्या. रंग कमीत कमीच लागतील अशी हमी नाही. पेपर शेकड्यांनी असले, तर ती हमी संगणकालाही जड जाते.

भाच्याने पाचच पेपर घेतले. इतिहास, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकमेकांशी जोडलेले, म्हणजे तीन रंग लागणारच. मराठी इतिहासाशी जोडलेली. उर्दूला एकच रेघ, मराठीकडे जाणारी, ती माझी. इतिहासाला लाल, तोच उर्दूला. मराठीला हिरवा, तोच राज्यशास्त्राला. अर्थशास्त्राला पिवळा. झाले तीन. मग त्याने माझी रेघ खोडली. तरी तीनच!

खऱ्या परीक्षेत पेपर पाच नसतात. खोल्या, पर्यवेक्षक, सगळंच मोजावं लागतं. त्या वर्षी हे जमलं असतं की नाही, कोण सांगणार? पण साहेबांनी कागद काही पुढे ओढला नव्हता.