उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर



आज पिकाचं नाही, आपल्या रक्तातल्या साखरेचं बोलायचं आहे. हल्ली गावोगाव बोटाला सुई टोचून साखर बघतात. आकडा हाती येतो, पण तो कोणत्या वेळचा आणि त्याचा अर्थ काय, हे कोणी सांगत नाही. मागे एका गावात पन्नाशीच्या एक बाई भेटल्या. जेवून तासाभरानं तपासलं, आकडा आला १४५. शेजारीण म्हणाली, "तुम्हाला शुगर झाली." बाईंनी भाकरी सोडली आणि जाऊबाईच्या गोळ्या परस्पर चालू केल्या. चौथ्या दिवशी खुरपता खुरपता घाम फुटला, हातपाय थरथरले, बांधावर पडल्या. खरं म्हणजे त्यांना काही झालेलंच नव्हतं.

जेवल्यावर साखर वाढणारच. वाढली नाही तर अन्न अंगी लागायचं कसं? मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, आणि उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते फक्त एक चहाचा चमचाभर. एका भाकरीतून मात्र याच्या कितीतरी पट साखर तयार होते. ती सगळी रक्तात तशीच राहून चालणार नाही. सुगीचं धान्य आपण अंगणात पडू देत नाही, बळदात भरतो आणि लागेल तसं काढतो. तसंच इथं. स्वादुपिंडातून इन्शुलिन नावाचा रस सुटतो, तो ही साखर स्नायूंत आणि यकृतात भरायला लावतो. रात्री आपण झोपलो की यकृत बळदातलं थोडं थोडं बाहेर काढतं. म्हणून रात्री न जेवता झोपलं तरी सकाळी रक्तात साखर सापडतेच. पहाटे तर यकृत जरा जास्तच सोडतं.

आता आकडे. हे १०० मिलिलिटर रक्तातले मिलिग्रॅम समजा. निरोगी माणसाची उपाशीपोटी साखर ७० ते १०० च्या आत असते. जेवल्यावर ती चढते, तासाभराच्या सुमारास सर्वांत वर जाते, आणि दोन तासांनी १४० च्या खाली उतरते. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा दोन तासांनी १४० ते १९९ आली, तर मधुमेह उंबरठ्यावर आहे असं समजावं. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, नाहीतर दोन तासांनी २०० किंवा त्याहून जास्त आली, तर दवाखान्यात शिरेतलं रक्त देऊन पुन्हा खात्री करावी. एका सुईवर निकाल लावू नये. आणि सकाळची साखर चांगली आली म्हणून निर्धास्तही होऊ नये. काहींची उपाशीपोटी ठीक असते, जेवणानंतरची मात्र उतरत नाही.

उपाशीपोटी म्हणजे काय, यात फार घोटाळा होतो. उपवास वेगळा आणि उपाशीपोट वेगळं. नवरात्रात तुळजापूरला निघालेली मंडळी साबुदाण्याची खिचडी, भगर खाऊन "आमचा उपवास आहे" म्हणून तपासायला बसतात. खिचडी पोटात गेली की उपाशीपोट संपलं. किमान आठ तास पाण्याशिवाय काही नको. चहासुद्धा नाही. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजावेत. जेवण रोजचंच घ्यावं. त्या दिवशी मुद्दाम अर्धी भाकरी खाऊन आकडा चांगला आणण्यात काय मिळवलं? गोळ्या चालू असतील तर त्या दिवशी त्या घ्यायच्या की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं. सुई टोचण्यापूर्वी हात साबणानं धुऊन कोरडे करावेत. गूळ फोडलेल्या बोटाला गूळ लागलेला असतो, यंत्र तोच मोजतं.

"मी हडकुळा, मला कशाची साखर?" असं पुष्कळ जण म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत आया आणि बाळं तपासली. आपली बाळं वजनानं लहान, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त, असं दिसलं. तेव्हा बारीक माणसानंही तपासावं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आला, आणि त्याहूनही जास्त उंबरठ्यावर.

साखरेऐवजी गूळ खाल्ला म्हणून काही सुटका नाही, गूळही साखरच. ज्वारीची भाकरी चांगली, पण चार खाल्ल्या तर चारांची साखर होणार. सोबत उसळ, पालेभाजी असली की चढ हळू होतो. जेवून लगेच आडवं न होता गोठ्यापर्यंत दोन फेऱ्या मारल्या, तरी फरक पडतो.

गोळ्या दुसऱ्याच्या कधीच घेऊ नयेत. स्वतःची गोळी घेऊन न जेवता रानात जाऊ नये. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि माणूस शुद्धीवर असला, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, गाडी करून दवाखाना गाठावा.

तीस वर्षांवरच्या सर्वांची तपासणी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते; आशाताईंना दिवस विचारून घ्या. चिठ्ठीवर आकड्याशेजारी किती वाजता जेवलात आणि किती वाजता रक्त दिलं, तेवढं मात्र लिहून घ्या.