राइड आधी की सिनेमा आधी?

आजचा प्रश्न असा : थीम पार्कमधल्या राइड्स ओळखीच्या सिनेमांवर जरा जास्तच विसंबून राहायला लागल्यात का?

आधी एक गैरसमज दूर करू. 'पूर्वी असं नव्हतं' हे काही खरं नाही. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ साली उघडलं, तेव्हा पहिल्याच दिवशी तिथे पीटर पॅनची राइड होती, आणि तो सिनेमा दोनच वर्षांपूर्वीचा. फक्त त्याच्या शेजारी नव्या कल्पनांनाही जागा मिळायची. 'पायरट्स ऑफ द कॅरिबियन' ही राइड १९६७ची. जॉनी डेपचा सिनेमा आला २००३ साली, म्हणजे ३६ वर्षांनी! तिथे राइडमधून सिनेमा निघाला.

आता उलटं बघा. फ्लोरिडातल्या एपकॉटमध्ये नॉर्वेच्या दालनात 'मेलस्ट्रॉम' नावाची बोटीची राइड होती. वायकिंग, ट्रोल, उत्तर समुद्रातलं तेल, असं सगळं त्यात होतं. २०१४ साली ती बंद झाली आणि २०१६ला तिच्या जागी 'फ्रोझन' आलं. 'फ्रोझन'मधलं राज्य नॉर्वेवर बेतलेलं आहे, मान्य. पण ते काल्पनिकच ना? खऱ्या देशाच्या दालनात खोटा देश येऊन बसला.

कंपन्यांचं गणितही समजून घ्यायला हवं. राइड बांधायला अफाट पैसा लागतो आणि ती संपते काही मिनिटांत. तेवढ्यात नवी गोष्ट सांगणार कधी? एल्सा दिसली की मुलं लगेच ओळखतात, आणि बाहेर पडताना दुकानात तिचा फ्रॉकही खपतो.

पण सिनेमाशी गाठ बांधली, की त्याचं ओझंही येतं. 'स्प्लॅश माउंटन' १९८९ साली सुरू झाली. ती बेतली होती १९४६च्या 'साँग ऑफ द साउथ'वर. कृष्णवर्णीयांच्या चित्रणामुळे बदनाम झालेला हा सिनेमा अनेकांनी पाहिलेलाच नव्हता, तरी पाण्यातली ती उडी लोकांना प्रचंड आवडायची. शेवटी सिनेमाच्या बदनामीनं राइडलाही गाठलं. २०२४ साली दोन्ही अमेरिकी पार्कांत तिच्या जागी टियाना आली. म्हणजे पुन्हा एक सिनेमाच!

आपल्या खोपोलीजवळच्या इमॅजिकानं 'मिस्टर इंडिया'वर राइड केली, तशी राजासॉरसवरही केली. राजासॉरस म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात जीवाश्म सापडलेला डायनासोर. त्याची भीती वाटायला आधी कुठलाही सिनेमा पाहावा लागत नाही.

माझी कसोटी साधी आहे. ज्यानं तो सिनेमा पाहिलेलाच नाही, त्यालाही राइडमध्ये मजा आली पाहिजे. तसं असेल तर खुशाल सिनेमा घ्या. नसेल, तर तिकिटाचे पैसे देऊन आपण नुसती जाहिरात बघतोय. आणि सगळी जागा ओळखीच्या गोष्टींनीच भरून टाकली, तर पुढची 'पायरट्स' सुचणार कुणाला?

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.